ओयदिनचा चहा आणि तिच्या भावाचा हात

ओयदिन सकाळी चहा पीत नसे. आमच्या ताश्कंदमध्ये हे सांगितलं तर लोक म्हणतात, बाई आजारी आहे किंवा शिष्ट आहे. ती दोन्ही नव्हती. चहानं हात थरथरतो, आणि केसाहून बारीक धाग्यानं उंदराची रक्तवाहिनी शिवायची तर हात थरथरून चालत नाही. सव्वीस वर्षं तिनं दुर्बिणीखाली हेच केलं. एका उंदराचा पाय काढायचा, दुसऱ्याला लावायचा. हाड, स्नायू, शीर, कातडी, सगळं एकत्र. मोठमोठे डॉक्टर तिच्याकडून टाके शिकून जात. कागदावर नाव मात्र त्यांचं. मला याचा फार राग यायचा, तिला कधीच आला नाही.

मी सबोहत. इस्पितळाच्या वरच्या मजल्यावर त्या उंदरांची खोली, त्यांचं दाणापाणी माझ्याकडे.

फरगाना खोऱ्यातल्या तिच्या घरी यातलं काहीएक माहीत नव्हतं. उंदीर म्हणजे ओंगळ. उंदराला हात लावणाऱ्या लेकीनं मोडलेली भाकरी तिच्या आईनं खाल्ली नसती. म्हणून ओयदिननं पहिल्याच वर्षी ठोकून दिलं की मी इस्पितळाच्या धुलाईखात्यात आहे. या खोट्यात मीही सामील. तिचा धाकटा भाऊ तोलिब एकदा अचानक आला, तेव्हा मीच पळत जाऊन तिच्या हातावर चादरींचा गठ्ठा ठेवला.

तोलिब पाळणे करायचा. आमच्याकडे पोर जन्मलं की लाकडी पाळणा हवाच, आणि त्या गावात नक्षी काढावी तर तोलिबनं. चादरी बघून तो थोरल्या बहिणीला म्हणाला, "ओपा, एवढ्या चादरी धुता आणि हात अजून लोण्यासारखे. साबण कुठला, सांगा. बायकोला नेतो."

"तुझ्या बायकोला साबण नको, मोलकरीण हवी," ओयदिन म्हणाली. तो गेल्यावर आम्ही पोट धरून हसलो. आता ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

सत्त्याण्णव सालच्या फेब्रुवारीत सकाळी सातला तोलिबचा उजवा हात मनगटापासून करवतीच्या चक्रात गेला. कापलेलं अगदी साफ होतं. तेव्हा घाटात बोगदा नव्हता. बर्फातून गाडी काढत ते आमच्याकडे पोचले तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. बरोबर आई होती. निरोप आला तशी ओयदिन उंदरांच्या खोलीतल्या एप्रनवरच खाली धावली, तिच्यामागे मी.

आमचे मोठे सर्जन, त्यांना सगळे दोमला म्हणतात, म्हणजे गुरुजी, त्यांनी जखमेवरची पट्टी सोडली. चेहरा एकदम उजळला. "सुरेख कापलंय. संध्याकाळपर्यंत जोडतो. हात कुठाय?"

आईनं डोक्यावरच्या रुमालाचं टोक सावरलं. म्हातारीला वाटलं, ते चौकशी करताहेत की हात नीट मार्गी लावला की नाही.

"काळजी करू नका, दोमला. हात वाऱ्यावर टाकला नाही आम्ही. कोमट पाण्यानं धुतला, पांढऱ्या कापडात गुंडाळला, त्याच्या बापाच्या कबरीशेजारी पुरला. दुआ मागितली, मगच निघालो."

माणसाच्या अंगाचा तुकडाही मातीला रीतसर द्यायचा, ही आमची रीत. तिचं काही चुकलं नव्हतं. कुणीही हेच केलं असतं.

ओयदिननं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मनातल्या मनात ती तास मोजत होती, मला दिसत होतं. जायला पाच, उकरून यायला पाच, आधीचे साडेपाच, त्यात कोमट पाणी. ती दोमलांकडे बघत राहिली. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"नुसता पिशवीत घालून बर्फावर ठेवून आणला असता..." दोमला म्हणाले.

"तुटलेला हात परत बसतो?" आई म्हणाली. "हे आम्हाला कोण सांगणार?" मग तिनं लेकीच्या एप्रनकडे पाहिलं. "ओयदिन, तू इथंच असतेस ना गं? तुला माहीत नव्हतं?"

"माहीत होतं, आई."

दोमलांनी मनगट शिवून बंद केलं. सव्वीस वर्षं पाय जोडणारी बाई शेजारी उभी राहून कात्री देत होती. त्या रात्री तिनं आईला सगळं सांगितलं, आणि यापुढं घरी खोटं बोलणार नाही अशी भाकरीवर हात ठेवून शपथ घेतली.

टाके काढायला तोलिब आला तेव्हा तिनं त्याला वर आणलं. पिंजऱ्यात आमचा सत्तावन्न नंबर होता. सगळा पांढरा, मागचा एक पाय तपकिरी, दुसऱ्या उंदराचा. तो त्याच परक्या पायानं कान खाजवत बसला होता. तोलिब पिंजऱ्यापाशी उकिडवा बसला.

"उंदराला मिळाला," तो म्हणाला. मग हळूच, "ओपा, मला कुणाचाही चालेल."

"माणसाला अजून कुणी लावलेला नाही, तोलिबजान."

"हा किती दिवस चालेल?"

"औषध आहे तोवर. रोज द्यावं लागतं. नाहीतर अंग परका पाय ठेवून घेत नाही."

"मग द्या की."

"शंभर दिवसांनी थांबवायचं, असं ठरलंय. पुढं काय होतं तेच तर बघायचंय." तिनं माझ्याकडे पाहिलं. "सोमवारी शंभर भरतात."

त्यानं डाव्या हाताचं बोट जाळीतून आत घातलं. उंदरानं ते हुंगलं. "ओपा, याचं नका ना बंद करू," तो म्हणाला. एवढा दाढीवाला माणूस, पण लहान असताना कोकरू कापू नका म्हणायचा, तसाच.

सोमवारी औषध दिलं नाही. मीच दिलं नाही. माझं काम ते. तक्ता दोमलांच्या सहीचा, तिथं तिचं काही चालत नव्हतं आणि माझं तर त्याहून नाही. नवव्या दिवशी पाय सुजला, मग काळा पडला. पंधराव्या दिवशी मी पिंजरा धुऊन पालथा घातला.

दर शुक्रवारी तोलिब गावच्या पोस्टातून फोन करायचा. दुखतं का, पाळणे कोण करतं, यातलं काही बोलायचा नाही. एकच विचारायचा, सत्तावन्न नंबर कसा आहे. त्या शुक्रवारी फोन आला तेव्हा मी त्या पालथ्या पिंजऱ्याजवळच उभी होते.

"चालतोय रे," ओयदिन म्हणाली. "काल तर पळत होता."

फोन ठेवून ती खुर्चीवर बसली. सकाळचे नऊ वाजले होते, दुर्बिणीखाली नवा उंदीर झोपवून ठेवला होता. तिनं माझ्याकडे चहा मागितला.