नानकटाईच्या नावावरचं लाकूड

“शेठ, नानकटाई बंद करा,” असं मी म्हणालो तेव्हा माझ्यासमोरच्या बशीत नानकटाईच होती. माझी तिसरी.

गोष्ट देवळाली कॅम्पातल्या एका बेकरीची. अंबडच्या कारखान्यातून कॉस्ट अकाउंटंट म्हणून रिटायर झाल्यावर मी आठवड्यातून दोन दिवस तिथे जात असे. मालक अशोकशेठ. माझं काम कॉस्ट शीट बनवायचं, म्हणजे कुठली वस्तू बनवायला नेमका किती खर्च येतो याचा कागद. तो बघून काय वाढवायचं आणि काय बंद करायचं ते मालकाने ठरवायचं.

मैदा, तूप, साखर यांचा खर्च सोपा. ज्यात घातलं त्याच्या नावावर टाकायचा. अवघड असतो तो सामाईक खर्च. भट्टी एकच, लाकूड एकच. पाव, खारी, टोस्ट, नानकटाई सगळं त्यातच भाजणार. मग लाकूड वाटायचं कसं? मी ठरवलं, जो ट्रे जितका वेळ आत, तितका त्याचा वाटा. रजिस्टरमध्ये मिनिटं लिहिलेली होतीच. पाव पटकन होतो. नानकटाई आत निवांत बसते. त्यामुळे लाकडाचा मोठा बोजा तिच्यावर पडला आणि ती तोट्यात गेली.

शेठनी दगूमिस्त्रींना बोलावलं. मिस्त्री चांदवडकडचे, वीस वर्षं त्याच भट्टीपुढे उभे. ते म्हणाले, “शेठ, हे बंद केलं तरी लाकूड काय कमी व्हायचं नाय.”

“मिस्त्री, तुम्ही भट्टी बघा, कागद मी बघतो,” मी म्हणालो.

ते निघाले. दारात थांबून त्यांनी माझ्या बशीकडे पाहिलं. “खाऊन घ्या साहेब. उद्यापास्नं मिळायची नाय.”

नानकटाई बंद झाली. सुट्टीवर गावी निघालेले जवान डबे मागायचे आणि हात हलवत परत जायचे. महिना संपला, मी हिशोब केला. विक्री घटली होती. लाकडाचं बिल मात्र तसंच्या तसं. नफा वाढायच्या ऐवजी कमी झाला.

इथवर जे झालं ती चूक होती. चूक कुणाच्याही हातून होते. पुढे मी केलं ते मात्र जाणूनबुजून. आपली शीट चुकली असेल हे मनात येऊन गेलं होतं, पण इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर एका बेकरीत चुकलो म्हणायला जीभ उचलेना. मी रिपोर्टमध्ये एक ओळ लिहिली : भट्टीवर लाकडाच्या वापरावर नियंत्रण नाही.

दुसऱ्या दिवशी शेठनी लाकडाच्या खोलीला कुलूप लावलं. किल्ली स्वतःच्या जुडग्यात. वीस वर्षांचा मिस्त्री रोज सकाळी केबिनच्या दारात उभा राहून किल्ली मागू लागला. लाकूड मोजून मिळायचं. आठवडाभरात पाव फिकट निघाले आणि कॅम्पातल्या कँटीनवाल्याने पावाच्या लाद्या परत पाठवल्या. तेव्हा शेठनी मला भट्टीवर जाऊन बघायला सांगितलं.

मी नेहमी सकाळी दहाला यायचो आणि एकला घरी जायचो. त्या दिवशी प्रथमच दुपारी तीनला भट्टीपाशी गेलो. आत जाळ नव्हता. जवळच्या जवानांच्या क्वार्टर्सच्या लाइनीतल्या दोन बायका घरून नानकटाई वळून ट्रे घेऊन आल्या होत्या, आणि मिस्त्री ते ट्रे लांब फळीने आत सरकवत होते.

“याला लाकूड किती लागतं?” मी विचारलं.

“कशाचं लाकूड? सकाळच्या पावाची धग हाय ती. कोणी वापरली नाय तर रातच्याला आपोआप विझती. तुम्ही तिच्यावर भाडं लावलं साहेब.”

बायका हसल्या. मीही हसल्यासारखं केलं. भट्टी पावासाठी पेटायची. उरलेल्या मंद धगीतच नानकटाई व्हायची, म्हणून तर तिला वेळ लागायचा. आणि वेळ लागतो म्हणून मी तिलाच दंड केला होता.

मी नवी शीट केली. लाकूड पाव, खारी, टोस्टच्या नावावर. नानकटाईला फक्त तिचा माल आणि मजुरी. बेकरीतली सगळ्यात फायद्याची वस्तू तीच निघाली. शेठना मी सांगितलं, “नव्या पद्धतीने फेरविचार केला.” नानकटाई सुरू झाली, कुलूपही निघालं. पण ते माझ्या त्या ओळीमुळे उगाच लागलं होतं, हे मी सांगितलं नाही. मिस्त्रीही काही बोलले नाहीत. शेठ मात्र लग्नाकार्यात लोकांना सांगू लागले, साहेबांनी माझी नानकटाई वाचवली.

गेल्या महिन्यात बेकरीत इलेक्ट्रिक ओव्हन आला. छोटा कार्यक्रम होता. शाल देऊन माझा सत्कार करायला शेठनी मला पुढे बोलावलं. मागच्या रांगेत दगूमिस्त्री बसले होते. आता थकलेत, काम सोडून गावीच असतात; चांदवडहून मुलाने गाडीवर आणलं होतं. मी शाल घेतली नाही. माइक घेतला आणि वर लिहिलं ते सगळं सांगून टाकलं, रिपोर्टमधल्या त्या ओळीसकट.

शेठ हातातल्या शालीकडे बघून म्हणाले, “आता ही शाल द्यायची कोणाला?”

“शाल ऱ्हाऊ द्या साहेबांला, त्यांना थंडी वाजायली,” मिस्त्री मागून म्हणाले. “मला ती किल्ली द्या.”

सगळे हसले. शेठनी खिशातून जुडगा काढला. किल्ली अजून त्यातच होती. त्यांनी ती सोडवली आणि स्वतः चालत मागच्या रांगेत नेऊन दिली. मिस्त्रींनी ती सदऱ्याच्या खिशात टाकली आणि वरून एकदा चापपली. जेवताना त्यांनी मला शेजारी बसवलं.

एखादी वस्तू बंद केल्यावर जो खर्च बंद होत नाही, तो तिच्या नावावर टाकून तिला तोट्यात दाखवू नये. मी शिकलो होतो त्या पुस्तकात हे होतं. परीक्षेत त्यावर मला मार्कही चांगले पडले होते.

शेठनी नव्या ओव्हनची कॉस्ट शीट मागितली आहे. मी म्हटलं, करतो, पण आधी दोन-चार दुपारी तिथे बसून येतो.