वरच्या मजल्यावरचे पाच गळे

त्या उन्हाळ्यात सासरे आमच्याकडे कोलोनला राहायला आले होते. मी आणि नवरा सकाळीच ऑफिसला जायचो. बाबांना जर्मन येत नव्हतं, त्यामुळे टीव्हीही कामाचा नव्हता. दिवसभर खिडकीत बसून ते खालून जाणाऱ्या ट्राम बघत. सांगलीला त्यांचं सगळं तरुणपण कलापथकात गेलं होतं. शाहिराच्या मागे झीलकरी म्हणून उभं राहायचं आणि त्याची ओळ उचलायची, हे त्यांचं काम.

एका संध्याकाळी मी घरी आले तर दार उघडं. लॉक होऊ नये म्हणून फटीत बाबांची एक चप्पल अडकवलेली, आणि घरात बाबा नाहीत. जिन्यात धावले, तर वरच्या मजल्यावरून जाड ठोका ऐकू आला आणि त्यावर बऱ्याच पुरुषांचं गाणं.

वर एक निवृत्त नर्स एकटीच राहायची. आमची ओळख जिन्यातल्या नमस्कारापुरती. तिचंही दार उघडं होतं. आत ती आरामखुर्चीत आणि बाबा सोफ्यावर, एका पायात चप्पल, दुसरा पाय अनवाणी. समोर रेकॉर्ड फिरत होती.

"अगं, ये. बस. आत्ता बोलू नकोस," बाबा म्हणाले.

गाणं संपल्यावर मी शेजारणीची माफी मागायला लागले. ती हसली. "मला वाटलं, आवाजाची तक्रार करायला आलेत. मी बंद करायला गेले, तर हातानंच म्हणाले, चालू ठेवा."

ती लहानाची मोठी झाली ते गाव अमेरिकन सैनिकांच्या तळाला लागून होतं. सत्तरच्या दशकात तिथल्या क्लबांमध्ये सोल आणि फंक ही नाचायची गाणी वाजायची, आणि ती मैत्रिणींबरोबर चोरून नाचायला जायची. ही गाणी गाणारे कृष्णवर्णीय अमेरिकन गायकांचे संच असत, चार-पाच जणांचे. ती रेकॉर्ड तिने तेव्हापासून सांभाळलेली.

त्यानंतर बाबा रोज दुपारी वर जायला लागले. ती कॉफी करायची, बाबा घरून चिवडा न्यायचे. भाषेवाचून दोघांचंही काही अडलं नाही. रात्री जेवताना बाबा मला सांगत, "आम्ही झीलकरी सगळे एकाच सुरावर. इथे प्रत्येक जण वेगळ्या सुरावर उभा आहे. एक अगदी तळाशी, एक बाईसारखा वर, मधले तिघे तिसरंच काही म्हणतायत. आणि बेसूर कोणीच नाही. हे कसं करतात, मला कळत नाही." हे सांगताना त्यांचा घास हातातच राहायचा.

मग शेजारणीला कळलं की त्यातलाच एक संच कोलोनला येतोय. बाबा, शेजारीण आणि मी, आम्ही तिघं गेलो.

हॉल छोटा होता, जुन्या कारखान्याचा. पाच म्हातारे मंचावर आले. सगळ्यांचे एकसारखे निळे सूट, एकाची पोटावरची बटणं लागत नव्हती, एक गुडघा धरून चालत होता. मला जरा वाईटच वाटलं. मग बँड सुरू झाला, पाचही जणांचे खांदे एकदम वळले, आणि गुडघेवाल्याने अशी गिरकी घेतली की शेजारणीने माझा हात घट्ट धरला.

तिसऱ्या-चौथ्या गाण्यात स्पीकर गेले. माइक बंद, गिटार बंद. मंचावर तंत्रज्ञांची पळापळ. लोक कुजबुजायला लागले. तेवढ्यात तळाच्या आवाजाचा तो जाडा गायक मंचाच्या कडेला आला आणि नुसती चुटकी वाजवू लागला. बाकीचे चौघे त्याच्याजवळ सरकले, खांद्याला खांदा लावून. त्याने खालचा सूर धरला. तो कानांनी ऐकण्याआधी मला छातीत जाणवला. त्यावर एकेक आवाज येऊन बसला, आणि शेवटी सगळ्यात वयस्कर माणसाने वरचा सूर लावला, इतका हलका की हॉलमध्ये कोणी खुर्चीसुद्धा हलवली नाही. शेजारणीच्या गालांवरून पाणी वाहत होतं. बाबा उभे राहिले होते. मागच्या कोणी त्यांना बसायला सांगितलं नाही.

नंतर स्पीकर दुरुस्त झाले, बँड पुन्हा वाजला, लोक नाचले. पण मला त्यातलं फारसं आठवत नाही.

परतताना ट्राममध्ये, आमचा थांबा जवळ आला तेव्हा बाबा म्हणाले, "आमच्या शाहिरांनी हे ऐकायला हवं होतं."

सांगलीला गेल्यावर त्यांनी भजनी मंडळावर प्रयोग केला. निम्म्यांना खालचा सूर दिला, निम्म्यांना वरचा. फोनवर विचारलं तर म्हणाले, "दोन ओळी टिकतात. मग सगळे घसरून माझ्याच सुरावर येतात. पण त्या दोन ओळी ऐक." आणि त्यांनी फोन मंडळाकडे धरला.

त्या वेळी शेजारीण आमच्या स्वयंपाकघरात बसली होती. मी फोन स्पीकरवर टाकला. टाळ, खोकला, मग विठ्ठलाचं नाव दोन सुरांत, थोडं डगमगत. तिने कप खाली ठेवला आणि ऐकत राहिली. दोन ओळी खरंच टिकल्या. मग गडबड झाली आणि पलीकडे सगळे हसायला लागले.

"त्यांना सांग," ती म्हणाली, "पुन्हा एकदा म्हणा."