तेविसाव्या नियमाला मुदत नव्हती

तौनो कॅर्पाने एकतीस वर्षं कागद गिरणीच्या लाकूडतळावर, क्रेनच्या काचेच्या खोलीत काढली. जमिनीपासून बावीस मीटर वर, एकटा, सोबतीला कॉफीचा थर्मास. खालचं बोलणं वर ऐकू येत नसे आणि वरून बोलायची सोय नव्हती. निवृत्तीच्या समारंभात साहेबांनी विचारलं की इतकी वर्षं एकटेपणाचा त्रास नाही का झाला? तौनोने विचार करून सांगितलं की शेवटच्या वर्षी वॉकीटॉकी बसवला, तेवढाच काय तो त्रास झाला.

आमच्या कोस्किनिएमीत अशा माणसाला कोणी एकलकोंडा म्हणत नाही, भला माणूस म्हणतात. पण तोंडावाटे न गेलेले शब्द कुठून तरी बाहेर पडणारच. तौनोचे कागदावर पडत. कामगार भवनाच्या बिलियर्ड शाखेचा तो चौतीस वर्षं सचिव होता आणि नियम करणं हे त्याचं व्यसन होतं. दारू त्याने परवडत असूनही सोडली होती, हे मात्र सुटेना. भवनाच्या सौनात, म्हणजे वाफेच्या न्हाणीत, तापल्या दगडांवर एका वेळी किती पळ्या पाणी ओतायचं, बूट कुठल्या भिंतीशी काढायचे, कॉफीचा दुसरा कप कोणी आधी घ्यायचा, सगळं लिहून, सही करून, भिंतीवर चिकटवलेलं. वाचत कोणीच नसे, पण मोडतही कोणी नसे, आणि आमच्याकडे याला शिस्त म्हणतात.

गावाच्या मधून नदी जाते. गिरणीच्या काठाला कामगार भवन, शेतकऱ्यांच्या काठाला तरुण संघाचं सभागृह. तरुण संघातला सर्वांत तरुण सभासद एकसष्ट वर्षांचा आहे, ते असो. आजोबांच्या पिढीत, यादवी युद्धात, या दोन काठांनी एकमेकांवर बंदुका रोखल्या होत्या. पुढे अक्कल आली आणि ते दरवर्षी एका पत्र्याच्या कपासाठी बिलियर्ड खेळू लागले. खेळ आमचा जुना काइसा. पाच जाडजूड चेंडू, दोन पांढरे, दोन लाल आणि एक पिवळा, आणि पॉकेटं अशी अरुंद की चेंडू आत जाताना अंग चोरून जातो. आत गेलेला लाल किंवा पिवळा लगेच पुन्हा टेबलावर मांडतात.

पलीकडच्या काठाचा पट्टीचा खेळाडू ओन्नी वाइनिक्का. बावीस गायी, भरपूर जंगल, आणि तौनोच्या धाकट्या बहिणीचा, हेल्मीचा, नवरा. दोघा मेहुण्यांचं छान जमायचं. म्हणजे दर रविवारी एकाच होडीत बसून चार-चार तास मासे धरायचे आणि अवाक्षर काढायचे नाहीत. हेल्मी म्हणायची, या दोघांपेक्षा मासे जास्त गप्पा मारत असतील.

मग शहाऐंशीच्या एप्रिलमधला कपाचा अंतिम सामना आला, भवनाच्याच टेबलावर. भवनाने अकरा वर्षांत कप पाहिला नव्हता. तौनोला तीन गुण हवे होते, समोर लाल चेंडू कोपऱ्याच्या तोंडाशी होता, चाळीस माणसं श्वास धरून उभी होती. तो टेबलावर ओणवला आणि त्याच्या लोकरी स्वेटरची डावी बाही दुसऱ्या लाल चेंडूला लागली. चेंडू बोटभर सरकला. नियमाप्रमाणे तिथेच खेळी संपायला हवी होती. तौनोने मान वर केली, तर ओन्नी थेट त्याच्याकडे बघत होता. तौनो थांबला. आता हा बोलेल, असं त्याला वाटलं. ओन्नी बोलला नाही. मागून कोणीतरी घाई करून टाळीही वाजवली. तौनोने काठी मारली, लाल चेंडू आत गेला, कप भवनात आला, आणि त्या दिवसापासून तौनो कॅर्पाने ओन्नीशी बोलणं टाकलं.

आता यात रागवायचं कोणी? पण खाई त्याला खवखवे. तौनो आठवडाभर वाट बघत राहिला की ओन्नी येईल, काही बोलेल, शिवी तरी देईल. ओन्नी आला नाही. मग तौनोला वाटू लागलं की काय ही घमेंड, माणूस साधा आरोपसुद्धा करत नाही. लबाडी याने करायची आणि जाब त्याने विचारला नाही म्हणून रुसायचंही यानेच. तो होडीवर गेला नाही, ओन्नीनेही बोलावलं नाही, आणि एकोणीस वर्षं अशी गेली. निरोप हेल्मी न्यायची आणि आणायची. भांडण कशाचं हे तिने दोघांनाही विचारलं होतं. दोघांनीही सांगितलं, भांडण नाही.

पुढे कपाचे सामने बंद पडले आणि कप भवनाच्या काचेच्या कपाटातच राहिला. तौनो दर शनिवारी सगळं कपाट पुसायचा, कप सोडून.

दोन हजार पाच साली वरून कागद आला की हिवाळ्यात गावात एकच सभागृह सरकारी खर्चाने तापवलं जाईल, दोन्ही मंडळांनी एक व्हावं. टेबल भवनाचं ठेवायचं ठरलं, कारण ते हलवायला गेलं तर भिंत पाडावी लागली असती. पण तरुण संघवाले दरम्यान अमेरिकन पद्धतीचा बिलियर्ड, म्हणजे पूल, खेळू लागले होते. त्यांचं म्हणणं, टेबल तुमचं तर नियम आमचे. अखेर दोन्ही खेळांचा मिळून एक नवाच खेळ करायचा ठराव झाला, आणि तो लिहायचं काम तौनोकडे आलं. भुकेल्याला लग्नाचं आमंत्रण.

चौदा बैठका झाल्या. खेळाच्या नावावर चार बैठका गेल्या आणि शेवटी नाव ठेवलं ‘संयुक्त खेळ’, कारण ते दोन्ही काठांना सारखंच नावडलं. चेंडू काइसाचे पाच. गुण साठ, पण शेवटचे दहा पुलासारखे, नेमून दिलेल्या क्रमाने. इथवर ठीक होतं. मग ओन्नीच्या बाजूने मागणी आली की पुलाच्या रिवाजाप्रमाणे कुठला चेंडू कुठल्या पॉकेटात घालणार, हे मारण्याआधी तोंडाने सांगायचं.

तोंडाने! भवनात खेळताना शेवटचं वाक्य कोणी बोललं होतं ते टेबलाखालची फळी मोडली तेव्हा. तौनोने पर्याय सुचवले. पॉकेटावर लाकडी चकती ठेवू, बोट दाखवू, पाटीवर लिहू. ओन्नी टेबलाच्या पलीकडच्या टोकाला बसून हेल्मीला म्हणाला, त्याला सांग, ऐकू आलं पाहिजे. हेल्मीने चार खुर्च्या ओलांडून तौनोला सांगितलं. मतदान झालं आणि तौनो हरला.

मग चुकांचा नियम आला. तौनोचा आग्रह पंचाचा. ओन्नीने पुन्हा हेल्मीमार्फत कळवलं, “पंच कशाला? ज्याचा हात लागला त्याला कळतंच की.”

तौनोने पुढचा मुद्दा न घेताच वही मिटली. एकोणीस वर्षांनी अखेर टोमणा आला होता, आणि तोही सगळ्यांसमोर. त्या आठवड्यात तो तीनदा सौनात गेला आणि एकदाही पाणी मोजून ओतलं नाही. कपाटातला कप नदीत टाकावा, इथपर्यंत त्याची मजल गेली. पण बिनबोलता कप टाकला तर तेवढी एक लबाडी आणखी वाढणार होती. बोलायला हवं होतं आणि ते जमत नव्हतं, इतकं साधं होतं ते. मंगळवारी त्याने तेविसावा नियम लिहून आणला: खेळाडूने आपली चूक आपणहून, मोठ्याने सांगावी. सांगितल्यावर त्या खेळीचे गुण प्रतिस्पर्ध्याला जातील व पुढची खेळी त्याची.

हेल्मी टंकायला बसली होती. तिने चष्म्यावरून भावाकडे पाहिलं. “केव्हापर्यंत सांगायचं, ते लिहिलं नाहीस.”

“ते उघडच आहे,” तौनो म्हणाला.

काठीला खडू लावायला वीस सेकंद आणि नाक शिंकरायला तीस, अशी मुदत घालणारा हा माणूस. हेल्मीने जे दिलं ते टंकलं.

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी दुपारी उद्घाटनाचा सामना झाला. दोन्ही काठांचे ज्येष्ठ खेळाडू म्हणून तौनो आणि ओन्नी. गुण लिहायला हेल्मी. बाकी सगळं गाव भिंतीला टेकून, कारण हे दोघं बोलणार हे बघायला कोण येणार नाही? खेळ कोणाला बघायचा होता!

ओन्नीने काठी उचलली, घसा खाकरला. “पिवळा. मधलं पॉकेट.”

तौनोकडे बघून त्याने एकोणीस वर्षांत उच्चारलेले हे पहिले शब्द. पिवळा मधल्या पॉकेटात गेला आणि ओन्नीचे सहा गुण झाले. त्याची पुढची खेळी हुकली. मग तौनोची पाळी. तोंड उघडलं, पण आवाज आला नाही. दुसऱ्यांदा आला.

“लाल. डावा कोपरा.”

ओन्नीने मान हलवली. असं चालू झालं. लाल, उजवा कोपरा. पिवळा, मधलं. एकदा ओन्नी म्हणाला, “अवघड आहे,” आणि हे तर नियमात नव्हतंच. तौनोने काहीतरी हुंकार दिला. भिंतीशी उभ्या लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. आमच्या मानाने ही बडबड होती.

चोपन्न-एक्कावन्न गुणांवर तौनोची खेळी होती. तो ओणवला, बाही मनगटावर घट्ट दुमडलेली. काठी मागे घेतली. मग तो सरळ उभा राहिला.

“चूक,” तो म्हणाला. “माझी.”

कोणालाच काही दिसलं नव्हतं. हेल्मीने पेन्सिल उचलली आणि कुठला चेंडू ते विचारलं.

“लाल. डाव्या बाहीने सरकला.”

“तुझ्या बाह्या तर वर आहेत.”

“आत्ता नाही. शहाऐंशीच्या एप्रिलमध्ये. शेवटच्या खेळीला.”

इतकी शांतता पसरली की आम्हालासुद्धा जाणवली. तौनोचे कान लाल झाले होते, पण आता तो थांबायला तयार नव्हता. तो ओन्नीकडे वळला. “तू पाहिलंस. आणि बोलला नाहीस.”

ओन्नीने काठी भिंतीला टेकवली. “मी काही पाहिलं नाही,” तो म्हणाला.

“मान वर करून बघत होतास माझ्याकडे.”

“तुझ्या मागे भिंतीवर घड्याळ आहे. ते बघत होतो. घरी गाय अडली होती.”

सगळ्यांनी घड्याळाकडे पाहिलं. ते तिथेच होतं.

“मग बोलायचा का थांबलास?” तौनोचा आवाज चिरकला.

“तू थांबलास. मला वाटलं, तुला शांतता हवी असेल. माणसाला उगाच कशाला छळायचं?”

हेल्मीने पेन्सिल खाली ठेवली. तिचा आवाज चढला नाही, म्हणून सगळेच घाबरले. “एकोणीस नाताळांना मी डुकराच्या दोन-दोन तंगड्या भाजल्या,” ती म्हणाली. “एक तिकडे, एक इकडे. पहाटे चारला उठून. एका भल्या माणसाला लाज वाटत होती आणि दुसऱ्या भल्या माणसाला भीड वाटत होती म्हणून.”

यावर दोघांपैकी कोणाकडे काही नियम नव्हता. ओन्नी टेबलाकडे बघत हळूच म्हणाला की तेविसाव्याप्रमाणे खेळी आता त्याची. तौनो म्हणाला, हो, तुझीच. आणि ओन्नी खरंच ओणवला. हेल्मीने त्याच्या नाकासमोरून पिवळा चेंडू उचलला, एप्रनच्या खिशात टाकला, म्हणाली, “आधी बोला,” आणि स्वयंपाकघरात गेली. बाकी गावाला अचानक कॉफीची आठवण झाली. माणसं एकामागून एक तिच्या मागे गेली आणि दार लोटलं गेलं. बंद मात्र कोणी केलं नाही.

दोघं भिंतीच्या बाकावर बसले, मध्ये एका माणसाची जागा सोडून. तौनोने खडूचा तुकडा बोटांत फिरवला. इतक्या वर्षांचं बोलणं साचलेलं, आणि त्यातलं कुठलं आधी काढावं याचा क्रम त्याने कुठेच लिहून ठेवला नव्हता.

“त्या गायीचं काय झालं?” त्याने शेवटी विचारलं.

“कालवड झाली,” ओन्नी म्हणाला. “रविवारी होडीत तुला सांगणार होतो.”