पेडलखालचं आडवं प्रोफाइल

हे सांगायचं मी आठ वर्षं टाळलं. ज्याच्याबद्दल सांगायचं, तो वारल्याचं मागच्या महिन्यात कळलं. माझ्या तोंडून त्याच्याबद्दल ज्यांनी खोटं ऐकलं, ते अजून सिल्वासातच आहेत. निदान त्यांनी तरी हे वाचावं.

कुठल्याही ऑफिसात शिरला की तो आधी टेबलाला गुडघा लावून ढकलायचा आणि नमस्काराच्या आधी म्हणायचा, "हालतंय." असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल. जेवायला बोलावलं तर तो ताटाआधी पाटाचा उंच पाय शोधतो. मला तो आवडायचा नाही. त्यालाही मी आवडत नव्हतो, आणि ते तो लपवायचा नाही.

तो शिरपूरकडचा. सिल्वासात राखोलीच्या रस्त्यावर त्याचं पत्र्याचं वर्कशॉप होतं. ॲल्युमिनियमची प्रोफाइलं, म्हणजे चौकोनी पोकळ दांडे, कापायची, ब्रॅकेट लावून जोडायची आणि कारखान्यांना मशीनभोवतीचे संरक्षक पिंजरे करून द्यायचे, हा धंदा. आमच्या कंपनीचे सगळे पिंजरे त्याच्याकडून यायचे. मी तिथे परचेस सांभाळायचो. कोटेशनमधली एखादी ओळ खोडल्याशिवाय माझ्या हातून सही व्हायची नाही. तो चारचौघांत म्हणायचा, "साहेब लग्नपत्रिकेतूनसुद्धा दोन नावं कमी करतील."

माझ्या मुलाला नोकरी लागल्यावर कॉम्प्युटरवर मोटार शर्यती खेळायचा नाद लागला. स्टिअरिंग जेवणाच्या टेबलाला लावलेलं, पेडल जमिनीवर. ब्रेक मारला की पेडल पुढे सरकायचं आणि खुर्ची मागे. त्याला सीट, स्टिअरिंग आणि पेडल एकाच चौकटीवर बसवणारं कॉकपिट हवं होतं. तयार कॉकपिटची किंमत ऐकून मी म्हटलं, हे तर आपल्या राखोलीतलंच प्रोफाइल. आणि त्या वर्कशॉपवाल्याला घरी बोलावलं.

त्यानं आल्या आल्या आमचा दिवाण हलवून पाहिला. मग हिला म्हणाला, "वहिनी, वजनकाटा आहे का?" काटा भिंतीला उभा टेकवला आणि मुलाला समोर खुर्चीत बसवलं. "दाब. खेळात दाबतोस तसा."

काटा साठाच्या पुढे गेला.

"एका पायाचा भार आहे हा. रोज शंभर वेळा," तो म्हणाला आणि कागदावर चौकट काढू लागला. "पेडलखाली चाळीस बाय ऐंशी मिलिमीटर, ऐंशीची बाजू उभी. स्टिअरिंगच्या खांबांनाही तेच. सीटच्या मागं चाळीस-चाळीस चालेल, तिथं कोणी लाथ मारत नाही. काळा रंग नको, टोकांची झाकणं नकोत. पैसे वाचवायचे तर तिथं वाचवा."

यात एकही शब्द चुकीचा नव्हता. तरी मी पेन काढलं. पेडलखालचं चाळीस-ऐंशी खोडून तिथे हलकं चाळीस-चाळीस लिहिलं. चार ब्रॅकेटचे दोन केले.

"असं नाही बनणार," तो म्हणाला.

"तुझं काय जातं?"

"नाव जातं, साहेब."

"पिंजऱ्यांचं वर्षाचं काम पुढच्या महिन्यात ठरायचंय," मी म्हटलं. "सहज आठवण केली."

त्यानं कागदाची घडी करून खिशात घातली. "पाय तुमच्या पोराचा आहे. मला काय."

चौकट त्यानं मी लिहिल्याप्रमाणे बनवली. कापणी सरळ होती, प्रत्येक बोल्ट कसलेला होता. जाताना मुलाला तेवढं म्हणाला, "भाऊ, ब्रेक जपून मार."

दिवाळीच्या फराळाला आमचे प्लँटचे मोठे साहेब घरी आले. हौसेनं कॉकपिटमध्ये बसले आणि ब्रेक दाबला. पेडलखालचं आडवं प्रोफाइल पिळलं, पेडल पुढे झुकलं, साहेबांचा पाय घसरला.

"कोणी बनवलंय हे?"

मी त्याचं नाव सांगितलं.

"आपले पिंजरे करतो तोच? हे असं, तर ते कसे असतील?"

मुलानं माझ्याकडे पाहिलं. मी साहेबांपुढे चकल्यांचं ताट सरकवलं. निवृत्तीनंतर मला आणखी दोन वर्षं ठेवायचं की नाही, हे त्याच साहेबांच्या हातात होतं.

पुढच्या वर्षाचं काम वापीच्या एका पार्टीला गेलं. काम बंद झाल्याचं त्याला कळवणाऱ्या पत्रावर सही माझी.

तो केबिनमध्ये आला. टेबलाला हात लावला नाही, बसलाही नाही.

"तुमच्या अक्षरातला कागद आहे माझ्याकडं."

"मग दाखव जाऊन."

"मी का दाखवू? खोडलं तुम्ही. तुम्ही सांगा."

"बघतो."

"बघू नका. सांगा."

मी सांगितलं नाही. उलट दुसऱ्या दोन कंपन्यांतून फोन आले, त्याचं काम का बंद केलं म्हणून, तेव्हा मी म्हणालो, "क्वालिटीचा प्रश्न होता." आमच्या औद्योगिक वसाहतीत एवढं पुरतं. होळीच्या आत त्यानं कापायचं मशीन विकलं आणि तो गावी गेला. मला दोन वर्षं वाढवून मिळाली.

दोन वर्षांपूर्वी मी त्याच्या गावी गेलो. तीन बस बदलाव्या लागल्या. तो ओट्यावर कुणाचा तरी फवारणीचा पंप खोलून बसला होता. उठला नाही.

"इकडं कसे उनात, साहेब?"

"इकडून चाललो होतो. म्हटलं, भेटावं."

"इकडून कुठं? रस्ता इथंच संपतो."

त्याच्या बायकोनं चहा दिला. तो पंपाचा वॉशर घासत राहिला. घासता घासताच म्हणाला, "त्या चौकटीचं काय केलं?"

"मुलानं पेडलखालचं बदललं. चाळीस-ऐंशी घातलं."

"उभं घातलं ना?"

"हो."

"मग ठीक."

त्यानं वॉशर पंपात बसवला. माझी बोलायची वेळ होती. मी विचारलं, "परतीची बस कितीला आहे?"

तो थांब्यापर्यंत आला, माझ्या दोन पावलं पुढे चालत. बस आली. मी आत बसल्यावर त्यानं माझी पिशवी खिडकीतून दिली. घरून निघाल्यापासून मी एकच वाक्य घोकत होतो: खोडलं मी, गप्प बसलो मी, मला माफ कर.

मी म्हटलं, "येतो."