रेंज गेली नव्हती

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. लेकीला नाही, मालकांना नाही. देवापुढं हात जोडतानासुद्धा एवढं सोडून बाकीचं बोलते. तुम्ही मला ओळखत नाही — म्हणून जमेल असं वाटतं.

माझी वैशाली स्पेनमध्ये असते. जावयांना त्यांच्या कंपनीनं तिकडं पाठवलं. नात इरा तिकडंच जन्मली. घरात इंग्रजी, शाळेत स्पॅनिश, मराठीचे दोन-चार शब्द. आणि मी चौथी शिकलेली. आमचं निमोणं गाव सोडून फार तर शिरूर-दौंडच्या बाजारापर्यंत गेलेली.

रविवारी व्हिडिओ कॉल यायचा. वैशाली फोन पोरीच्या हातात देऊन चपात्या करायला जायची. इरा चार वर्षांची होती तेव्हा. बाहुली दाखवायची, खरचटलेला गुडघा दाखवायची, बडबडायची. मी नुसती बघत बसायची. कळायचं काय? काही नाही. पण ते गाल — मी काचेवरून बोट फिरवायची. मग ती काही विचारल्यासारखी गप्प व्हायची आणि मला घाम फुटायचा. विहीणबाई पुण्याच्या, त्या तिच्याशी इंग्रजीतच बोलतात. मी काय बोलू?

मी म्हणायची, बरं, ठेवते हां. तेवढं मराठी तिला कळायचं. लगेच ती ओठ काढून म्हणायची — स्टे, आजी. कधी म्हणायची, केदाते. तेच, पुन्हा पुन्हा. मला वाटायचं, काहीतरी मागतेय. उत्तर आलं नाही तर आईला हाक मारील, मग सगळे हसतील. आणि मी — मी लाल बटण दाबायची. वैशालीला नंतर सांगायची, रेंज गेली गं.

रेंज गेली नव्हती. एकदाही नाही. टॉवर आमच्या शेजारच्याच वावरात आहे.

यंदा कांदा काटायला, म्हणजे काढलेल्या कांद्याची पात कापायला, शेजारची सून शीतल जोडीला होती. ती मोबाईलला शब्द विचारते आणि तो अर्थ सांगतो. मी म्हटलं, टीव्हीवर एक शब्द ऐकला बाई, स्टे. तिथंही खोटंच. विळा खाली ठेवून तिनं विचारलं. राहणे, मुक्काम करणे, टिकणे — बरंच आलं. स्पेनच्या भाषेत काय म्हणतात, तेही मी विचारलं. मोबाईलमधली बाई म्हणाली, केदाते.

"म्हंजी थांब, जाऊ नगं. एवढंच हाय की मावशी," शीतल म्हणाली.

मी कांदे काटत राहिले.

इरा आता आठ वर्षांची आहे. पुढच्या रविवारी मी तो शब्द घोकून बसले. म्हशीला पाणी दाखवताना घोकला, चुलीपुढं घोकला. ती फोनवर आली. उभ्या उभ्या हात हलवला, स्वच्छ मराठीत म्हणाली, "रेंज गेली, आजी," आणि खेळायला निघून गेली. फोन चालूच होता. वैशालीला हसू आवरेना. आई, बघ, तुझी नात मराठी शिकली.

मीही हसले.

तुम्ही म्हणाल, बिचारीला शब्दच कळत नव्हता. तसं नाही. पोर चार वर्षांची होती तेव्हाच वैशालीनं मला सांगितलं होतं — फोन बंद झाला की इरा त्या काळ्या काचेला गाल लावून बसते, कितीतरी वेळ. ते मराठीत सांगितलं होतं. मला कळलं होतं. त्याच्या पुढच्या रविवारीही मी बटण दाबलं.