कप हलेपर्यंत

फिजिओथेरपीच्या खोलीत स्नायू कणाकणाने वाढतात, किस्से मात्र भराभर! मस्कतमधल्या आठ महिन्यांत माझ्याकडे बरेच साठले.

तिथे कशी पोचले ते एकदाच सांगते. मस्कतहून इब्रा गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमची गाडी उलटली. माधव, माझा नवरा, गेला. माझा उजवा हात मोडला. त्याच हाताने स्टिअरिंग धरून तो रस्ता पार करायचा, एवढं मी ठरवलं होतं.

*

तीन महिने झाले तरी मुठीत जोर नाही. आमच्या डॉक्टरबाई पुण्याच्या. म्हणाल्या, "मोठ्या दुखापतीनंतर स्नायूंच्या पेशींना ऊर्जा नीट तयार करता येत नाही. इस्ट्रोजेनची त्यात मदत होते, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलंय. माणसांत किती, ते अजून नक्की नाही. आणि तुमची पाळी थांबलीय, म्हणजे ते कमीच."

"मग गोळी द्या!"

"गोळी नाही, चेंडू." हातात रबरी चेंडू ठेवून त्या पडद्यापलीकडच्या पेशंटकडे गेल्यासुद्धा.

*

पडद्यापलीकडे सावंत. मालवणचा मेकॅनिक, जॅक सटकून पाय मोडलेला. त्याने सगळं ऐकलं.

"डॉक्टरीण बाय, मगे आमचा पुरुषांचा कसा?"

"पुरुषांतही असतं थोडं इस्ट्रोजेन."

 पडद्यामागून हळूच, "बायकोक सांगू नकात हां!"

*

मी चेंडू इतका दाबला की हात सुजला. बाईंनी तो जप्त केला. "हट्टाने ऊर्जा तयार होत नाही!"

सूज उतरल्यावर मी चेंडूऐवजी पिळायला अल मवालेहच्या बाजारातून लिंबं आणली. तीन आठवड्यांनी पहिला थेंब पडला. सावंत ओरडला, "अरे, सोडा हाडा रे कोणतरी, सरबत करूया!"

*

शेजारच्या पलंगावर मोझा; सगळे तिला खाला, म्हणजे मावशी म्हणत. इब्राची आजी, मांडीचं हाड मोडलेली, हिंदी फर्डं. रोज थर्मासमधून सगळ्यांना कहवा, बिनदुधाची अरबी कॉफी. पुरे झालं की रिकामा कप हलवायचा, तोवर ती ओतणार, ही रीत. माझं मनगट हलेना. सहा कप झाले!

"खलास, खाला!"

"तुम क्या बोलती? कप बोलेगा!"

*

आठव्या महिन्यात मी गाडी काढली. गाडी उलटली होती ते वळण आलं. हाताने स्टिअरिंग सोडलं नाही.

इब्राला खाला दारात काठी टेकून उभी. "ड्रायव्हर किधर?"

"मैं ही।"

 तिने आत नेऊन कहवा ओतला. प्यायले, कप पुढे धरला. दुसरा. तिसरा. चौथा.

"हाथ फिर खराब?"

कप खाली ठेवून मी मनगट गोल फिरवून दाखवलं. "नहीं खाला, एकदम ठीक।"

आणि कप उचलून पुन्हा तिच्यापुढे धरला. न हलवता.