आमेननंतरचा शुक्रवार

बहारीनला निघालो तेव्हा एसटी सुटायच्या आधी वडिलांनी स्टँडवरच माझ्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. ते मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते आणि मी आमच्या घरातला पहिला बी.कॉम. "तिथले साहेब अमेरिकन आहेत म्हणजे आपल्याच प्रभूचे. भिऊ नकोस," ते म्हणाले. मला शिकवलं ते अमेरिकन मिशनच्या शाळेने, त्यामुळे मलाही ते खरंच वाटलं.

बहारीनमध्ये कंपनीचे गोरे अमेरिकन मॅनेजर फार श्रद्धाळू निघाले. दर शुक्रवारी जनाबिया भागातल्या त्यांच्या व्हिलात उपासना व्हायची आणि अकाउंट्समधला मी त्यांच्या शेजारी बसायचो. शेवटी ज्याला कोणासाठी प्रार्थना हवी असेल, त्याने उभं राहून नाव सांगायचं, अशी तिथली पद्धत होती.

त्या उन्हाळ्यात आमचा वेल्डर सदानंद परांचीवरून पडला. तो गुहागरकडचा, मला 'पाद्री' म्हणायचा. कमरेखालची संवेदना गेली होती. डॉक्टर ऑपरेशन करू म्हणत होते; कंपनीने मात्र व्हिसा कॅन्सल करून त्याला घरी पाठवायचं ठरवलं. हॉस्पिटलात तो मला म्हणाला, "काय रे पाद्री, तुझ्या देवाची नि साहेबाची ओळख आहे ना? मग लाव की वशिला."

मी फोरमन वॉल्टरना सांगितलं. ते काळे अमेरिकन, मॅनेजरांच्याच राज्यातले. त्यांच्या लहानपणी त्यांचे पाळक काळ्यांच्या मतदानाच्या हक्कासाठी अख्खी मंडळी घेऊन रस्त्यावर उतरले आणि तुरुंगात गेले होते. समोरच्या गोऱ्यांच्या चर्चने त्या दिवशी दारं लावून घेतली होती. बायबल दोन्हीकडे एकच.

शुक्रवारी वॉल्टर उभे राहिले. "सदानंदसाठी प्रार्थना करा. आणि उद्या त्याला विमानात बसवू नका."

मॅनेजर हळुवारपणे म्हणाले, "ब्रदर, ऑफिसच्या गोष्टी या खोलीत नकोत."

"सर, आमच्या चर्चमध्ये प्रार्थना दाराबाहेरही यायची."

मॅनेजरांनी डोळे मिटले. सदानंदचं नाव घेऊन त्यांनी इतकी सुंदर प्रार्थना केली की बायकांनी डोळे पुसले. सगळे मोठ्याने "आमेन" म्हणाले. मग केक आला.

दुसऱ्या दिवशी सदानंदला स्ट्रेचरवरून विमानात चढवलं. थोड्याच दिवसांत वॉल्टरचंही तिकीट निघालं. "खलास," एवढंच बोलून त्यांनी माझा हात दाबला.

तुम्ही गावी राहिलात, तुम्हाला वाटतं परदेशात माणूस देवाला विसरतो. तिथे देव रोज आठवला जायचा. माझ्यासारखे जे गेले, त्यांना हे ठाऊक आहे. ज्या शाळेने मला माणूस केलं तीही अमेरिकनच होती, आणि तिचे उपकार मी आजही मानतो. म्हणून तर हे जास्त टोचतं.

पुढच्या रजेत आधी गुहागरला गेलो. पडवीत सदानंद आडवा होता, पाय काठीसारखे झालेले. मी आत येताच हसला. "बस. पण तिकडे प्रार्थनेत माझं नाव नको हां घेऊ. नाव घेतलं की विमानात घालतात." मग आत वळून बायकोला म्हणाला, "अगो, चहा टाक, घरचा माणूस आलाय."

त्याच हिवाळ्यात तो गेला. अजून कोणी विचारतं, तुमचं घर कुठे? मी गावाचं नाव सांगतो. डोळ्यांसमोर मात्र ती पडवी येते.